आयदिनचे आरमार : एका दर्यावर्दी अमिरातीचा उदय आणि अस्त

दिव्य कुरआनात समुद्र आणि त्यावरून चालणाऱ्या नौका यांचा उल्लेख अनेक ठिकाणी आला आहे. सूरह अल्-बकरा (२:१६४) असो वा सूरह अन्-नह्ल (१६:१४), तेथे नौका ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक निशाणी म्हणून येते. माणसांच्या उपयोगाच्या वस्तू ती वाहून नेते आणि अल्लाहची कृपा, म्हणजेच उपजीविका, शोधण्याचे सामर्थ्य माणसाला देते. इस्लामी इतिहास वाचताना मात्र आपण बहुधा जमिनीवरच राहतो. मदीना, दमास्कस, बगदाद, कुर्तुबा, दिल्ली ही नावे आपल्या मुलांना ठाऊक असतात. समुद्राच्या काठी उभ्या राहिलेल्या आणि समुद्रामुळेच मोठ्या झालेल्या राज्यांची नावे क्वचितच कुणाच्या कानावर आलेली असतात.

अलीकडे अनेक घरांत तुर्की मालिका आवडीने पाहिल्या जातात. एर्तुगरुल आणि उस्मान यांची नावे लहान मुलांच्या तोंडी असतात. त्या मालिका पाहून असा समज होतो की अनातोलियात त्या काळी उस्मानी हे एकच घराणे होते आणि पुढचे साम्राज्य त्याच्या नशिबात आधीच लिहिलेले होते. प्रत्यक्षात चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारात ज्या तुर्की अमीराचे नाव सर्वाधिक घेतले जात होते, तो उस्मानी नव्हता. तो इझमीरचा उमूर बेग होता, आयदिन घराण्यातला. त्याच्या घराण्याची ही हकीकत आहे.

समुद्राकडे येणारी वाट

इ.स. १२४३ मध्ये कोसे दाग येथे मोगलांनी रूमच्या सेल्जुक सुलतानाचा पराभव केला. सुलतानाची गादी राहिली, पण सत्ता गेली. मोगलांच्या रेट्यामुळे तुर्कमान टोळ्या पश्चिमेकडे सरकत गेल्या आणि बायझंटाइन साम्राज्याच्या सीमेवर ठिकठिकाणी त्यांच्या लहान लहान अमिराती उभ्या राहिल्या. त्यांना 'बेयलिक' म्हणत. गर्मियान, मेन्तेशे, सारुहान, करेसी, उस्मान, आयदिन अशी ती घराणी होती. आयदिनचा पुत्र मुहम्मद बेग हा प्रथम गर्मियानच्या अमीराच्या चाकरीतला सेनाधिकारी होता. मेन्तेशेच्या अमीराचा जावई सासा बेग याने १३०४ मध्ये इफिसस जिंकले. तुर्कांनी पुढे त्या शहराला आयासुलुक म्हटले. मुहम्मद बेग आधी सासाचा सहकारी होता, नंतर दोघांत वितुष्ट आले आणि १३०८ मध्ये सासा मारला गेला. बिर्गी, तीरे, आयासुलुक असा लहान मेंदेरेस नदीच्या खोऱ्यातील सुपीक मुलूख मुहम्मद बेगच्या हाती आला. या राज्याचा पायाच दोन मुस्लिम सरदारांच्या भांडणावर घातला गेला होता, ही गोष्ट पुढच्या घटना समजण्यासाठी लक्षात ठेवावी लागेल.

मुहम्मद बेगने बिर्गी ही राजधानी केली. तेथील जामा मस्जिद हिजरी ७१२ म्हणजे इ.स. १३१२-१३ मधली आहे आणि आजही उभी आहे. १३१७ च्या सुमारास इझमीरचा डोंगरावरचा किल्ला त्याने घेतला. खाली बंदराच्या तोंडाशी असलेला दुसरा किल्ला मात्र जिनोवाच्या झक्कारिया घराण्याकडेच राहिला. मुहम्मद बेगचा दुसरा मुलगा उमूर याने १३२९ च्या सुमारास तोही जिंकला. वरचा आणि खालचा असे दोन्ही किल्ले एका हातात आले, तेव्हा कुठे आयदिन घराण्याला खरे बंदर मिळाले.

घोड्यावर वाढलेल्या लोकांना जहाजे बांधायला कोणी शिकवले, असा प्रश्न येथे पडतो. याचे उत्तर बायझंटाइनांच्या एका निर्णयात आहे. सम्राट दुसरा आंद्रोनिकोस याने १२८५ मध्ये खर्च वाचवण्यासाठी स्वतःचे आरमार मोडीत काढले. हजारो खलाशी, वल्हवणारे आणि सुतार बेकार झाले. त्यांच्यातील अनेकजण पोट भरण्यासाठी तुर्कांच्या आश्रयाला गेले, असे खुद्द ग्रीक इतिहासकारांनीच लिहून ठेवले आहे. ज्या राज्याने आपल्या कारागिरांना वाऱ्यावर सोडले, त्याच राज्याच्या किनाऱ्यावर पुढे त्या कारागिरांच्या हातची जहाजे आली. या आरमारातील बहुतेक नौका लहान आणि वेगवान होत्या. मोठ्या युद्धनौका मोजक्याच होत्या. उमूरने बांधलेल्या पहिल्या मोठ्या युद्धनौकेचे नाव 'गाझी' होते.

इब्ने बतूताने पाहिलेला दरबार

१३३० च्या दशकाच्या प्रारंभी मोरोक्कोचा प्रवासी इब्ने बतूता बिर्गीला पोहोचला. हाच इब्ने बतूता पुढे दिल्लीला आला, दौलताबाद पाहून गेला आणि गोव्यावरील, म्हणजे त्याच्या भाषेत 'सिंदाबूर'वरील, समुद्री स्वारीतही सामील झाला. बिर्गीत त्या वेळी कडक उन्हाळा होता आणि मुहम्मद बेग डोंगरावरील थंड जागी मुक्कामाला होता. मदरशाचे मुदर्रिस मुहियुद्दीन यांच्यासोबत इब्ने बतूता तेथे गेला. अमीराने त्याला काही हदीसी लिहून द्यायला सांगितले. त्याने त्या अरबीत लिहून दिल्या. तेव्हा अमीराने मुदर्रिसांना त्यांचे विवेचन तुर्की भाषेत लिहायला सांगितले. हा प्रसंग लहान आहे, पण बोलका आहे. या घराण्याला अरबी सहज येत नव्हती आणि धर्म आपल्या बोलीत समजून घ्यावा अशी त्याची मनापासून इच्छा होती. प्रेषितांच्या कथांचा आणि अवलियांच्या चरित्रांचा तुर्की अनुवाद मुहम्मद बेगसाठी झाला. उमूर बेगसाठी कुल मसऊद याने 'कलीला व दिमना' तुर्कीत आणले. या ग्रंथाचे मूळ आपल्याकडच्या पंचतंत्रात आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच. चाकरीपासून सुरुवात करून सत्तेवर आलेल्या एका सीमावर्ती अमीराच्या घरी करटक आणि दमनक यांच्या गोष्टी तुर्कीत ऐकल्या जात होत्या!

याच दरबारात इब्ने बतूताला आकाशातून पडलेला एक काळा, कठीण आणि चकाकणारा दगड दाखवण्यात आला. चार पाथरवटांनी लोखंडी घणांनी त्यावर चार वेळा घाव घातले, पण दगडावर ओरखडाही उमटला नाही. तेथेच अमीराचा यहुदी हकीम येऊन कुरआन पठण करणाऱ्यांपेक्षा उंच आसनावर बसला, तेव्हा इब्ने बतूता संतापला आणि त्याने त्या हकीमाला भर दरबारात अपशब्द वापरले. कुरआन पठण करणाऱ्यांविषयीचा त्याचा आदर समजण्यासारखा आहे, परंतु त्याची भाषा समर्थनीय नाही. त्या दरबाराची रीत मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. तो हकीम आत आला तेव्हा दरबारी मंडळी त्याच्या सन्मानार्थ उठून उभी राहिली होती.

पुढे इझमीरमध्ये त्याला उमूर भेटला. शहर मोठे होते, पण बरेचसे उद्ध्वस्त झालेले होते. उमूर स्वतः खानकाहमध्ये येऊन पाहुण्याला भेटला आणि त्याने भेटवस्तूंसोबत निकोला नावाचा एक ग्रीक गुलाम त्याला दिला. उमूरच्या इमामाने इब्ने बतूताला सांगितले की अमीराकडे हा एकच गुलाम उरला होता, बाकीचे त्याने आधीच वाटून टाकले होते. इब्ने बतूता या औदार्याने भारावून जातो.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. निकोलाला कोणी विचारले होते काय? एजियन समुद्रातील बेटांवरून, युबियापासून मोरियापर्यंतच्या किनाऱ्यांवरून माणसे धरून आणली जात आणि आयासुलुकच्या बाजारात विकली जात. स्वतः इब्ने बतूताने तेथे एक ग्रीक मुलगी चाळीस दिनारांना विकत घेतली. हा धंदा केवळ तुर्कांचा नव्हता. व्हेनिस आणि जिनोवाचे ख्रिस्ती व्यापारी याच बाजारातून ख्रिस्ती गुलाम खरेदी करत आणि क्रीटमध्ये नेऊन विकत. म्हणून उमूरला एकट्याला दोषी धरणे न्याय्य नाही. परंतु आपले माप दुसऱ्यांचे आचरण हे नसून कुरआनची शिकवण हे आहे. सूरह मुहम्मद (४७:४) मध्ये युद्धकैद्यांविषयी उपकार म्हणून सोडणे किंवा खंडणी घेऊन सोडणे हे दोन मार्ग सांगितले आहेत. सूरह अल्-इन्सान (७६:८) मध्ये कैद्याला जेवू घालणाऱ्याची प्रशंसा आहे. सूरह अल्-बलद (९०:१३) मध्ये गुलाम मुक्त करणे हाच चढणीचा मार्ग म्हटला आहे. बद्रच्या कैद्यांपैकी ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांनी दहा मुलांना शिकवावे आणि मुक्त व्हावे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची व्यवस्था होती. या मापाने मोजले, तर मच्छीमारांच्या आणि शेतकऱ्यांच्या वस्त्यांवर रात्री उतरून बायकामुले उचलून आणणे हे 'गझा' या थोर शब्दाखाली लपवता येत नाही. उमूरची गाथा पद्यात लिहिणारा एन्वेरी या लुटीचे वर्णन अभिमानाने करतो. त्याचे 'दस्तूरनामा' हे काव्य १४६५ मधले, म्हणजे उमूरनंतर शंभरहून अधिक वर्षांनी लिहिलेले आहे. काव्य म्हणून त्याचा आनंद घ्यावा, परंतु फतवा म्हणून ते वाचू नये.

गाझी आणि सम्राटाचा मित्र

१३३४ मध्ये मुहम्मद बेगचे निधन झाले. हयातीतच त्याने मुलूख मुलांमध्ये वाटून दिला होता. थोरला खिज्र आयासुलुकला होता, उमूर इझमीरला, सुलैमान तीरेला, इब्राहीम बोदेम्याला आणि धाकटा ईसा पित्याजवळ बिर्गीत. खिज्र थोरला असूनही भावांनी उमूरला प्रमुख मानले. भावाच्या गुणांपुढे आपला वडीलकीचा हक्क सोडणे सोपे नसते. खिज्रने तो सोडला, आणि पुढची चौदा वर्षे या घरात तलवार उपसली गेली नाही. त्या काळातील राजघराण्यांचा इतिहास पाहता ही बाब उमूरच्या कोणत्याही विजयापेक्षा कमी मोलाची नाही.

त्याच वर्षी व्हेनिस, रोड्स बेटावरील हॉस्पिटलर सरदार, फ्रान्स, सायप्रस आणि पोप यांच्या संयुक्त आरमाराने करेसीच्या अमीराचा ताफा नष्ट केला. आयदिनचा ताफा वाचला. पुढच्या वर्षी सम्राट तिसरा आंद्रोनिकोस आणि उमूर यांची काराबुरूनजवळ भेट होऊन करार झाला. बायझंटाइनांना लॅटिन शक्तींविरुद्ध तुर्की नौका हव्या होत्या आणि उमूरला मान्यता हवी होती. याच वाटाघाटींत सम्राटाचा प्रधान सेनापती योआनिस कांताकुझेनोस आणि उमूर यांच्यात मैत्री झाली. ती मरेपर्यंत टिकली.

१३४१ मध्ये आंद्रोनिकोस मरण पावला आणि बायझंटाइन साम्राज्यात गृहयुद्ध पेटले. १३४२ च्या अखेरीस कांताकुझेनोस सर्बियात अडकला होता आणि त्याची पत्नी इरीनी थ्रेसमधील दिदिमोतिखो किल्ल्यात वेढली गेली होती. उमूर आरमार घेऊन मारित्सा नदीच्या मुखातून आत शिरला. कांताकुझेनोसने स्वतः लिहिलेल्या इतिहासात ३८० नौका आणि २९,००० माणसे असा आकडा दिला आहे. मित्राच्या मदतीचे वर्णन करताना आकडे फुगतात, हे ध्यानात घेऊनही तो ताफा प्रचंड होता यात शंका नाही. वेढा उठला. इरीनीने त्याला किल्ल्यात येऊन आदरातिथ्य स्वीकारण्याची विनंती केली. घरधनी बाहेर संकटात असताना त्याच्या घरात आपण सुखाने बसणे योग्य नाही, असे सांगून उमूर बाहेर तंबूतच राहिला. हे ग्रीक इतिहासकार ग्रेगोरास याने नोंदवले आहे आणि तो काही तुर्कांचा चाहता नव्हता. त्या हिवाळ्यातील थंडी भयंकर होती. उमूरची पुष्कळ माणसे गारठून मेली आणि त्याला परतावे लागले.

एन्वेरी आणखी एक गोष्ट सांगतो. कांताकुझेनोसने आपली मुलगी उमूरला देऊ केली. उमूरने नकार दिला. आम्ही एकमेकांना भाऊ म्हटले आहे, तेव्हा भावाची मुलगी मला वर्ज्य आहे, असे त्याचे म्हणणे होते. शरीअतच्या दृष्टीने मानलेल्या भावाची मुलगी हराम ठरत नाही. तो नकार फिकहमधून आलेला नव्हता, शब्द पाळण्याच्या वृत्तीतून आलेला होता. १३४६ मध्ये कांताकुझेनोसची मुलगी थिओडोरा हिचा विवाह उस्मानी अमीर ओरहान याच्याशी झाला.

बंदर गेले

उमूरचे यशच त्याच्या शत्रूंना एकत्र आणणारे ठरले. पोप सहावा क्लेमेंट याने व्हेनिस, सायप्रस आणि हॉस्पिटलर यांची आघाडी उभी केली. २८ ऑक्टोबर १३४४ रोजी या आघाडीच्या गलबतांनी इझमीरचे बंदर आणि खालचा किल्ला अचानक घेतला. बंदरातील नौका जाळल्या गेल्या. वरचा किल्ला मात्र तुर्कांकडेच राहिला. एकाच शहरात डोंगरावर अजान आणि पाण्याच्या काठावर चर्चची घंटा अशी विचित्र स्थिती पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकली.

१७ जानेवारी १३४५ रोजी आघाडीचे नेते दोन्ही फळ्यांच्या मधल्या एका जुन्या चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गेले. उमूरने अचानक हल्ला केला. पोपचा प्रतिनिधी, व्हेनिसचा सेनापती आणि मार्तिनो झक्कारिया तिघेही मारले गेले. तरी किल्ला पडला नाही. त्याच उन्हाळ्यात उमूर जमिनीच्या मार्गाने पुन्हा थ्रेसला जाऊन मित्राच्या बाजूने लढून आला. तेव्हा त्याच्याजवळ पूर्वीचे आरमार उरलेले नव्हते. १३४७ मध्ये इम्ब्रोस बेटाजवळ हॉस्पिटलरांनी शंभराहून अधिक तुर्की नौका पकडल्या. १३४८ च्या वसंतात खालच्या किल्ल्यावर चढाई करताना बाण लागून उमूर शहीद झाला. त्याने चाळिशीही गाठली नव्हती. बिर्गीत पित्याशेजारी त्याला दफन करण्यात आले. ही बातमी पार मोरोक्कोपर्यंत गेली. १३५५ मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात इब्ने बतूता तिची नोंद करतो.

त्यानंतर केवळ काही महिन्यांत, १८ ऑगस्ट १३४८ रोजी, खिज्र बेगने आघाडीशी तह केला. बंदरांवरील कराचे अर्धे उत्पन्न द्यावे, युद्धनौका किनाऱ्यावर ओढून ठेवाव्यात, चाचेगिरी थांबवावी, ख्रिस्ती व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी आयासुलुकला राहू द्यावेत, अशा त्याच्या अटी होत्या. पोपने त्यावर अंतिम मान्यतेची मोहोर उठवली नाही, तरी दिशा ठरली. अनेकजण खिज्रला दुर्बल ठरवतात. मला तसे वाटत नाही. आरमार जळलेले, भाऊ गेलेला आणि त्याच सुमारास या साऱ्या समुद्रकाठावर प्लेगची भयानक साथ आलेली. अशा वेळी आपल्या प्रजेला विसावा मिळवून देणे हा पळपुटेपणा नव्हे. शत्रू शांततेकडे झुकला तर तुम्हीही झुका, ही सूरह अल्-अन्फाल (८:६१) ची शिकवण आहे.

खिज्रचे आयासुलुक मुळातच व्यापाराचे शहर होते. इटालियन त्याला 'आल्तोलुओगो' म्हणत. येथून धान्य, तुरटी, मेण, ताग जात असे आणि पश्चिमेकडून लोकरीचे कापड व साबण येत असे. पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना ओळखीचे नाणे हवे म्हणून येथे नेपल्सच्या नाण्याची हुबेहूब नक्कल पाडली जाई. त्यावर राजाची आकृती आणि लॅटिन अक्षरे असत. एका गाझी घराण्याच्या टांकसाळीतून असे नाणे निघावे, याचे काहींना आश्चर्य वाटेल. पण बाजाराची भाषा रणांगणाच्या भाषेहून निराळी असते.

शेवटची पिढी

खिज्रनंतर धाकटा भाऊ ईसा बेग गादीवर आला. त्याच्या काळात हे राज्य समुद्रावर नव्हे, तर विद्येत नाव मिळवून गेले. १३७५ मध्ये त्याने आयासुलुकला बांधलेली मस्जिद दमास्कसच्या अली नावाच्या शिल्पकाराची कृती आहे. तिचे अंगण आणि मांडणी दमास्कसच्या उमय्यद मस्जिदीची आठवण करून देते आणि तिचे खांब इफिससच्या अवशेषांतून आणलेले आहेत. काहिरात शिकलेले हकीम हाजी पाशा येथे काजी होते. त्यांचा 'शिफाउल-अस्काम' हा वैद्यकग्रंथ ईसा बेगला अर्पण केलेला आहे.

दरम्यान उस्मानी राज्य खूप पुढे गेले होते. त्यांच्या मुलुखासमोर केवळ अरुंद सामुद्रधुनी होती आणि १३५४ च्या भूकंपानंतर गॅलिपोली त्यांच्या हाती आले. आयदिनला युरोपात जायला सारा एजियन ओलांडावा लागे आणि त्याचे उत्तम बंदर शत्रूच्या ताब्यात होते. उस्मानींनी प्रत्येक पिढीत मुलूख एकाच वारसाकडे ठेवला, तर आयदिनने तो भावांत वाटला. एक पिढी हे भाऊ एकमेकांशी प्रामाणिक राहिले, म्हणून वाटणीचा दोष झाकला गेला. १३९० मध्ये बायझीद येल्दिरिम याने ही अमिरात खालसा केली. ईसा बेगने प्रतिकार केला नाही. त्याची कन्या हफसा खातून हिचा विवाह बायझीदशी झाला. तिच्या नावाची मस्जिद तीरे परिसरात आहे.

१४०२ मध्ये अंकाराच्या लढाईत तैमूरने बायझीदला कैद केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्याने इझमीरचा खालचा किल्ला हॉस्पिटलरांकडून जिंकला. ज्या भिंतीवर उमूरने प्राण दिला होता, ती भिंत सुमारे दोन आठवड्यांत पडली. तैमूरने ईसाच्या मुलांना त्यांचे राज्य परत दिले. मात्र आता घरातच तलवारी उपसल्या गेल्या. इब्राहीमच्या शाखेतील जुनैद बेग याने चुलतभावांना बाजूला सारून सत्ता घेतली. पुढील वीस वर्षे तो कधी एका उस्मानी शहजाद्याच्या, तर कधी दुसऱ्याच्या बाजूने उभा राहिला. ज्याला शब्द दिला त्याला सोडून तो दुसऱ्याकडे जाई आणि प्रत्येक वेळी काही ना काही पदरात पाडून घेई. तो धाडसी होता, हे शत्रूंनीही मान्य केले आहे. पण शेवटी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारा कोणी उरला नाही.

सुलतान दुसरा मुराद याच्या फौजेने त्याला सामोस बेटासमोरील इप्सिली या किनाऱ्यावरच्या किल्ल्यात कोंडले. जमिनीकडून वेढा पुरेसा नव्हता, कारण जुनैदचा रस्ता समुद्राकडून मोकळा होता. आयदिनच्या घराण्याकडे आता तो रस्ता राखायला आरमार नव्हते. उस्मानींनी जिनोवाची गलबते भाड्याने आणली आणि समुद्राची वाट बंद केली. १४२५-२६ च्या सुमारास जुनैद जिवाच्या अभयावर शरण आला आणि शरण आल्यावर मारला गेला. त्याच्यासोबत त्याच्या कुटुंबातील पुरुषही मारले गेले.

बिर्गीच्या मस्जिदीशेजारच्या घुमटाखाली मुहम्मद बेग, उमूर, इब्राहीम आणि ईसा यांच्या कबरी आहेत. तेथून समुद्र दिसत नाही.